संशोधन संस्थेत 'करिअर डेव्हलपमेंट' म्हणजे नक्की कोणी काय करायचं?

निळी_पिपेट

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मी एका बायोमेडिकल संशोधन संस्थेत पोस्टडॉक (पीएचडीनंतरची कॉन्ट्रॅक्टवरची संशोधक) आहे. विषय इम्युनॉलॉजी, काम बहुतेक सगळं उंदरांवर आणि फ्लो सायटोमेट्रीवर (पेशींना रंग लावून लेझरने एकेक मोजायची पद्धत). कॉन्ट्रॅक्ट एकदा वाढवून मिळालं, आता परत वाढणार नाही असं स्पष्ट सांगितलंय. आणि नेमकं याच वर्षी आमच्या संस्थेने गाजावाजा करून 'शास्त्रज्ञांसाठी करिअर डेव्हलपमेंट कार्यक्रम' सुरू केला. म्हणजे काय तर वर्षातून एकदा एक लांबलचक फॉर्म भरायचा, एका कार्यशाळेला जायचं आणि दुसऱ्या विभागातला कोणीतरी मेंटॉर म्हणून मिळणार. फॉर्ममध्ये 'पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल' असा रकाना आहे, त्यात काय लिहू, सहा महिन्यांनी कुठे असेन तेच माहीत नाही. त्यावर पीआयची, म्हणजे लॅबप्रमुखाची, सही लागते. आमच्या सरांनी न वाचता सही केली आणि विचारलं, पेपरच्या रिव्हिजनचे प्रयोग कुठवर आले?

माणूस वाईट नाही हो. पण त्यांच्या दृष्टीने माझं करिअर म्हणजे हा पेपर, आणि पेपर आला की बाकी आपोआप होतं.

माझ्यापुढे दोन वाटा आहेत. एक, स्वतःच्या लॅबसाठी ग्रुप लीडरच्या जागांना अर्ज करत राहायचं. दोन, आमच्याच संस्थेत फ्लो सायटोमेट्री कोअरमध्ये (सगळ्या लॅब वापरतात तो सामायिक विभाग) स्टाफ सायंटिस्टची जागा निघतेय, ती घ्यायची. दुसरीबद्दल बोलले की लोक 'अरेरे, सायन्स सोडतेयस?' असा चेहरा करतात.

तर विचारायचं असं की हे करिअर डेव्हलपमेंट नक्की कोणाचं काम? संस्थेचं, पीआयचं की ज्याचं त्याचं? आणि कोअरमध्ये गेलं तर पुढे रस्ता असतो की तिथेच संपतो? अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज.

रिव्ह्यूअर_नंबर_दोन

विषय रोचक आहे, पण धागाकर्तीने आणखी दोन कंट्रोल (तुलनेचे प्रयोग) दाखवल्याशिवाय निष्कर्ष मान्य करता येत नाहीत. मेजर रिव्हिजन.

(हलकेच घ्या. वाचतोय.)

जुनाट_सेंट्रिफ्यूज

आमच्या वेळी असले फॉर्म नव्हते, कार्यशाळा नव्हत्या, मेंटॉर हा शब्दसुद्धा कोणी वापरत नव्हतं, तरी माणसं घडलीच ना? मी स्वतः तीस एक वर्षं लॅब चालवली, आता निवृत्त आहे. माझं प्रामाणिक मत, तुमच्या सरांचं बरोबर आहे. पेपर चांगला असेल तर दार उघडतं, नसेल तर जगातले सगळे फॉर्म भरून काही होत नाही. पीआयच्या डोक्यावर ग्रँटची तलवार असते, रिन्यूअल चुकलं तर तुमचाच पगार बंद होणार असतो, त्याने आधी काय बघायचं? चांगलं काम करा, बाकी मागून येतं.

मुक्त_मूलक

काका, आदर ठेवून पूर्ण असहमत.

डग्लस प्रॅशरचं नाव ऐकलंय ना? जीएफपीचा, म्हणजे जेलीफिशमधल्या त्या हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनचा जीन त्याने क्लोन केला, १९९२ मध्ये पेपर आला. फंडिंग संपलं, तेव्हा त्याने तो क्लोन मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सीन यांना देऊन टाकला. २००८ साली जीएफपीला केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सीन यांना, आणि त्या वेळी प्रॅशर एका गाड्यांच्या डीलरकडे ग्राहकांची ने-आण करणारी व्हॅन चालवत होता. चॅल्फी आणि त्सीनने त्याला समारंभाला स्टॉकहोमला नेलं, तो मोठेपणा त्यांचा. पण काम चांगलं नव्हतं असं कोण म्हणेल? आज जगातल्या प्रत्येक लॅबच्या फ्रीझरमध्ये त्याचं काम पडलंय. मागून काय आलं?

जुनाट_सेंट्रिफ्यूज

एक उदाहरण तुम्ही दिलंत, एक मी देतो. कातालिन कारिको, कोविडच्या एमआरएनए लशींमागची शास्त्रज्ञ. १९९५ मध्ये विद्यापीठाने पदावरून खाली आणलं, ग्रँट मिळत नव्हत्या, तरी एमआरएनए सोडलं नाही. २००५ मध्ये ड्रू वाइसमनबरोबरचा तो बदललेल्या न्यूक्लिओसाइडचा पेपर, आणि २०२३ ला नोबेल. चिकाटी!

मुक्त_मूलक

काका, हे तर माझंच उदाहरण झालं :-) पदावरून खाली कोणी आणलं? संस्थेने. मग २०१३ मध्ये ती कंपनीत गेली. जे टिकले त्यांच्याच गोष्टी आपण ऐकतो, जे १९९५ मध्येच वैतागून निघून गेले त्यांची नावं तुम्हालाही माहीत नाहीत आणि मलाही नाहीत.

पेट्रीतली_बुरशी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याचा काश्मीर होणार हे नक्की.

कोअरवाली

निळी_पिपेट, मी गेली कित्येक वर्षं फ्लो सायटोमेट्री कोअरमध्येच आहे (तुझ्या नाही, दुसऱ्या संस्थेत) त्यामुळे गोड न करता सांगते.

आधी दिवस कसा असतो ते. सकाळी सॉर्टर (पेशी वेगळ्या करणारं मशीन) चालू करून स्ट्रीम स्थिर व्हायची वाट बघायची, मग बीड्स घालून ड्रॉप डिले (पेशीचा थेंब कधी वळवायचा ती वेळ) लावायचा, तो एक-दोन आकड्यांनी जरी चुकला तरी पेशी भलत्याच ट्यूबमध्ये जातात आणि दिवसभराचं सॉर्टिंग पाण्यात. मग पहिला युजर येतो, नमुना न गाळता. ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून आणा असं बुकिंगच्या पानावर लाल अक्षरांत लिहिलेलं असूनही. मेलेल्या पेशींमधून बाहेर आलेल्या डीएनएने गुठळ्या झालेल्या असतात, नॉझल चोक होतं, आणि तो म्हणतो तुमचं मशीन खराब आहे. दुसरा युजर बारा रंगांचं पॅनेल घेऊन येतो आणि सिंगल स्टेन कंट्रोल (एकेकाच रंगाचे नमुने) आणत नाही, मग कॉम्पेन्सेशन (रंगांची सरमिसळ काढणं) कशावर करू, माझ्या कपाळावर? हे सगळं सांभाळून दुपारी एखादीचा डेटा बघत बसलं की लक्षात येतं, ती ज्याला नवीन पेशींचा गट समजून महिनाभर नाचतेय ते डब्लेट्स, म्हणजे दोन चिकटलेल्या पेशी, आहेत. हे सांगायचं कसं, हे कुठल्याही कार्यशाळेत शिकवत नाहीत.

मला हे काम प्रचंड आवडतं. एका प्रश्नावर पंधरा वर्षं घासण्यापेक्षा आठवड्यात आठ वेगवेगळे प्रश्न हातात येतात, मलेरियापासून ट्यूमरपर्यंत. 'सायन्स सोडलं' म्हणणाऱ्यांना मी एकदा माझ्या जागी बसून पॅनेल डिझाइन करायला सांगते, गप्प होतात.

पण रस्त्याचं म्हणशील तर बहुतेक ठिकाणी तीन पायऱ्या असतात, स्टाफ सायंटिस्ट, सीनियर स्टाफ सायंटिस्ट आणि कोअरचा हेड. हेडची खुर्ची एकच. ती रिकामी होईपर्यंत तू सीनियर. पगार वाढतो थोडाफार, पदनाम गोठतं. आणि बढतीच्या फॉर्ममध्ये 'प्रथम लेखक म्हणून शोधनिबंध' असा रकाना तसाच असतो कारण फॉर्म पीआयसाठी बनवलेला असतो आणि आम्हाला तोच चिकटवतात. मी तिथे दरवर्षी शून्य लिहिते. खाली 'अन्य योगदान' असा एक ओळीचा रकाना आहे, त्यात वर्षभराचं काम कोंबते.

आकडेमोड

कोअरवालीशी सहमत, शून्याचा रकाना आमच्याकडेही आहे. मी बायोस्टॅटिस्टिशियन, माझं नाव कायम मधे. पहिलं नाही, शेवटचं नाही, मधल्या गर्दीत कुठेतरी.

यावर उपाय नाहीत असं नाही. क्रेडिट टॅक्सॉनॉमी म्हणून आहे, त्यात लेखकाच्या कामाचे १४ प्रकार ठरवलेत, कल्पना कोणाची, प्रयोग कोणी केले, सॉफ्टवेअर कोणाचं, विश्लेषण कोणाचं, पैसे कोणी आणले वगैरे, आणि बरीच जर्नल्स ते पेपरच्या शेवटी छापतात. म्हणजे कोणी काय केलं हे लिहिलेलं असतं. गंमत अशी की बढती समितीतला एकही सदस्य तिथपर्यंत स्क्रोल करताना मी पाहिलेला नाही.

तसंच डोरा जाहीरनामा. २०१२ च्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत एका पेशीजीवशास्त्राच्या परिषदेत ठरला, पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. सांगणं साधं, जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची किंमत करू नका. कितीतरी संस्थांनी सह्या केल्यात, आमच्याही. सही करणारे संचालक आणि मुलाखतीत 'सेल किंवा नेचरमध्ये काही आहे का' विचारणारे संचालक एकच.

रिव्ह्यूअर_नंबर_दोन

मधल्या लेखकांची संघटना काढूया. घोषणा: 'एट अल' ('आणि इतर') मुर्दाबाद!

पेट्रीतली_बुरशी

आणि बोधचिन्ह म्हणून ती छोटी चांदणी. 'या दोन लेखकांचं योगदान समसमान आहे' वाली.

मुक्त_मूलक

समसमान असून नेहमी दुसऱ्या नंबरवर छापलेला माणूस अध्यक्ष.

आकडेमोड

मी उभा आहे निवडणुकीला. जामीनदार म्हणून तीन पेपर आहेत चांदणीचे.

नवी_पीआय

बराच वेळ लिहू की नको करत होते. मी दुसऱ्या बाजूची, लॅब सुरू करून फार काळ झालेला नाही, हाताखाली दोन पोस्टडॉक आणि तीन पीएचडीचे विद्यार्थी.

पहिली गोष्ट, आम्हाला हे कोणी शिकवलेलं नसतं. पिपेट धरता येते, माउस कॉलनी सांभाळता येते म्हणून लॅब मिळते, आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बजेट, भरती, भांडणं, रजा, कोणाचं तरी नैराश्य हे सगळं बघायचं असतं. एम्बोचे (युरोपातली जीवशास्त्रज्ञांची संघटना) लॅब लीडरशिपचे कोर्स आहेत, मी एक केला, खरंच उपयोग झाला, पण तिथे येणारे बहुतेक आधीच शहाणे असतात, ज्यांना गरज आहे ते 'वेळ नाही' म्हणतात.

दुसरी गोष्ट, आम्हीसुद्धा कायम नसतो. मोठमोठ्या संस्थांत बघा, ईएमबीएलमध्ये (युरोपची रेण्वीय जीवशास्त्राची प्रयोगशाळा) ग्रुप लीडर जास्तीत जास्त ९ वर्षं, लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमध्ये नव्या ग्रुप लीडरला ६ अधिक ६. मुद्दामच तशी रचना आहे, की तरुण माणसं येतील, मोकळेपणी काम करतील आणि पुढे दुसरीकडे जातील. कल्पना चांगलीच आहे. पण त्यामुळे माझ्याही डोक्यात घड्याळ असतं, आणि माझ्या घड्याळाच्या आत माझ्या पोस्टडॉकचं घड्याळ, त्याच्याही आत उंदरांचं. दोन जीनचं कंडिशनल नॉकआउट (जीन ठरावीक पेशींतच बंद केलेले उंदीर) क्रॉस करून प्रयोगापुरते उंदीर हातात यायला वर्ष सहज जातं. तीन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टमधलं एक वर्ष नुसतं ब्रीडिंग!

आणि तिसरी, ज्यासाठी खरं लिहायला बसले. निळी_पिपेट, तू संस्था की पीआय की मी असं विचारलंस. मला वाटतं त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न कुठेच नाही आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे: तू लॅब सोडशील तेव्हा तुझ्याबरोबर काय जाणार? कुठला प्रश्न तुझा, कुठला सरांचा? ग्रुप लीडरच्या मुलाखतीत आम्ही पॅनेलवर हेच बघतो, उमेदवार जे करीन म्हणतोय ते त्याच्या जुन्या बॉसशी स्पर्धा न करता करता येईल का. हे पीआयबरोबर बोलून ठरलेलं नसेल तर अर्ज कितीही सुंदर असो, तिथेच गळतो. एनआयएचची (अमेरिकेत आरोग्य संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) के९९/आर०० ग्रँट याच कारणाने मला आवडते, पहिली दोन वर्षांपर्यंत मेंटॉरच्या लॅबमध्ये आणि मग तीन वर्षांपर्यंत स्वतःच्या, म्हणजे फारकत कशी होणार हे अर्जातच लिहावं लागतं, मेंटॉरला पत्रात मान्य करावं लागतं. प्रत्येक पोस्टडॉकशी हे बोलणं पहिल्याच वर्षी व्हायला हवं. माझ्या दोघांशी मी ते ईमेलवर लिहून ठेवलंय. तोंडी नाही, ईमेलवर.

मुक्त_मूलक

नवी_पीआय, तुमच्याकडे जागा आहे का? :-) वाचनखूण साठवली.

जुनाट_सेंट्रिफ्यूज

नवी_पीआय यांचं पटलं. आमच्या वेळी हे न बोलताच ठरायचं. म्हणजे ठरायचं नाही, आणि मग दोन लॅब एकाच विषयावर एकमेकांचे पेपर अडवत बसायच्या, अशा दोन-तीन जोड्या मी पाहिल्यात, त्यातले काही अजून बोलत नाहीत एकमेकांशी.

कंपनीकर

इथे कोणीच तिसरी वाट काढली नाही म्हणून मी काढतो. पीएचडी, पोस्टडॉक, मग बायोटेक कंपनी.

रॉयल सोसायटीने २०१० मध्ये एक अहवाल काढला होता, त्यात ब्रिटनमधल्या पीएचडीधारकांचं काय होतं याचं एक चित्र होतं. कायमस्वरूपी संशोधक होणारे ३.५ टक्के, प्रोफेसर ०.४५ टक्के. आकडे जुने आहेत, एका देशाचे आहेत, पण प्रमाण बघा. म्हणजे 'पर्यायी करिअर' कशाला म्हणायचं? पर्यायी तर प्रोफेसर होणं आहे.

तरी मोह नको. कंपनीत पगार चांगला, टीमवर्क खरं, पण एका सकाळी वरून ठरतं की हा प्रोग्रॅम बंद आणि त्या पूर्ण गटाला निरोप. तुमचा डेटा चांगला होता की वाईट याचा काही संबंध नसतो. आणि कुठल्या टार्गेटवर काम करता हे बाहेर सांगता येत नाही, त्यामुळे दोन वर्षांत बाहेरच्या जगाला तुम्ही गायब. फ्लो सायटोमेट्री मात्र जबरदस्त चालते, सेल थेरपीवाल्यांना अशी माणसं हवीच असतात. फक्त तिथे एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत), व्हॅलिडेशन, ऑडिट यांची भाषा लागते, अकादमिकवाल्यांना ती शिकावी लागते. कोअरमधून आलेल्यांना ती निम्मी आधीच येत असते, पोस्टडॉकपेक्षा जास्त.

कोअरवाली

+१. आमच्याकडून गेलेल्या दोघांची हीच गोष्ट.

फॉर्मवाली

आता मला शिव्या पडणार, पण मी संशोधन संस्थेच्या ट्रेनिंग ऑफिसात आहे, असले फॉर्म माझ्यासारखेच लोक बनवतात :-)

फॉर्म का, तर नुसतं 'पीआयने काळजी घ्यावी' म्हणून भागत नाही. चांगला पीआय फॉर्मशिवायही घेतो, वाईट कशानेच घेत नाही, मधले जे सत्तर टक्के आहेत (आकडा माझ्या मनाचा, आकडेमोड यांनी रागावू नये) ते कोणी आठवण केली तर घेतात. ती आठवण म्हणजे फॉर्म. ब्रिटनमधल्या संशोधकांच्या विकासाच्या सामंजस्य करारात (कॉन्कॉर्डॅट) २०१९ पासून वर्षाला किमान १० दिवस व्यावसायिक विकासासाठी द्यायचे असं स्पष्ट लिहिलंय. अमेरिकेत एनआयएचच्या समितीने २०२३ च्या शेवटी शिफारस केली की पोस्टडॉक ५ वर्षांपेक्षा जास्त ताणू नये. हे लिहून आलं म्हणूनच मला एखाद्या सरांना फोन करून म्हणता येतं की तुमच्या पोस्टडॉकने या वर्षी एकही दिवस घेतलेला नाही, का बरं? आधी मी कोण विचारणारी होते?

पाच वर्षांनी कुठे असाल हा रकाना मात्र मलाही आवडत नाही. मी आमच्या फॉर्ममधून तो काढला आणि त्याऐवजी 'येत्या वर्षात असं काय शिकाल जे या लॅबच्या बाहेरही कामाला येईल' असं घातलं. लोक त्याचं उत्तर देतात तरी.

मुक्त_मूलक

फॉर्मवाली, प्रामाणिक प्रश्न. त्या दहा दिवसांत माणूस कार्यशाळेला गेला आणि परत आल्यावर सर म्हणाले 'सुट्टी झाली का एन्जॉय करून', तर तुमचं ऑफिस काय करतं?

फॉर्मवाली

थेट काही करू शकत नाही, खोटं कशाला बोलू. एक केलंय, पीआयच्या स्वतःच्या पाच वर्षांच्या रिव्ह्यूत आम्ही एक पान घालायला लावलं: तुमच्या लॅबमधून गेलेली माणसं आज कुठे आहेत. सगळी नावं, सगळी, फक्त प्रोफेसर झालेली नाहीत. पहिल्या वर्षी दोन मोठ्या सरांना स्वतःच्या लॅबमधून गेलेल्यांचे पत्ते शोधायला माझ्याच ऑफिसात यावं लागलं.

जुनाट_सेंट्रिफ्यूज

हे पान मला भरायला लागलं असतं तर घाम फुटला असता. कल्पना चांगली आहे.

अर्धवेळ_डॉक्टर

थोडं अवांतर, पण आमच्यासारख्यांचंही कोणीतरी लिहायला हवं. मी डॉक्टर आहे आणि निम्मा वेळ लॅब. निम्मा म्हणजे कागदावर. 'संरक्षित वेळ' नावाची गोष्ट असते, आठवड्यातले अमुक दिवस संशोधनाचे, त्यात वॉर्ड नाही. पण सहकारी आजारी पडला की पहिला फोन मला, कारण सगळ्यांना वाटतं मी 'मोकळा' आहे, लॅबमध्ये काय, पेशी थांबतील की. पेशी थांबत नाहीत, शनिवारी पासेज करायच्याच (नव्या भांड्यात हलवायच्याच) असतात. शेवटी मी लॅबच्या दिवशी आयडी कार्ड दवाखान्यातच ठेवून यायला लागलो, दारच उघडत नाही म्हटल्यावर बोलवणं कमी झालं.

शास्त्रज्ञ म्हणतात तू डॉक्टर आहेस तुला काय चिंता, डॉक्टर म्हणतात तू शास्त्रज्ञ आहेस तुला क्लिनिक कशाला. दोन्हीकडचा प्रमोशनचा फॉर्म अर्धा रिकामा.

पेट्रीतली_बुरशी

इथे सगळ्यांचेच फॉर्म रिकामे दिसतात.

निळी_पिपेट

बाप रे, इतके प्रतिसाद! सगळे दोनदोनदा वाचले. धन्यवाद.

नवी_पीआय यांनी लिहिलेलं वाचून मी काल सरांकडे गेले, फॉर्म न घेता, आणि सरळ विचारलं की मी गेले तर टिश्यू रेसिडेंट टी पेशींचा (ऊतकातच मुक्काम करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींचा) भाग मी नेऊ शकते का. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले फुफ्फुसाचं सगळं इथेच राहील, त्यावर नवीन ग्रँट लिहिलीय, पण आतड्याचं जे तू बाजूला म्हणून सुरू केलंस ते ने. मला वाटलं होतं उलट होईल. आतड्याचा डेटा अजून फारच कच्चा आहे, पण माझा आहे हे पहिल्यांदा कळलं. लगेच ईमेल केली, 'आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे' वगैरे, त्यांचं उत्तर आलं, एक शब्दाचं, 'ओके'.

म्हणजे आता पहिली वाट एकदम बंद नाही वाटत. पण कोअरच्या जागेची मुलाखत पुढच्याच महिन्यात आहे, तीही देणार आहे. कोअरवाली, तिथे मी काय काय विचारून घेऊ? आणि उंदरांच्या लाईन्स (जीन बदललेल्या खास जाती) न्यायच्या तर त्याचं काय असतं, कोणी केलंय का?

नवी_पीआय

शाब्बास! 'ओके' पुरेसा आहे, जपून ठेव.

लाईन्सचं: ज्या तुमच्या लॅबने बनवल्या त्यांच्यासाठी दोन संस्थांमध्ये मटेरियल ट्रान्सफर करार लागतो, त्यावर तू सही करत नाहीस, संस्था करते, आणि तो कायदा विभागात पडून राहतो. ज्या लाईन्स तुमच्या लॅबला दुसऱ्या कोणाकडून मिळाल्यात त्या सरांनी 'ने' म्हटलं तरी तुला नेता येत नाहीत, मूळ मालकाला विचारावं लागतं, हे बरेच जण शेवटच्या आठवड्यात शोधतात. जिवंत उंदीर नेण्यापेक्षा स्पर्म फ्रीझ करून नेणं सोपं, नवीन ठिकाणी क्वारंटाइन आणि आरोग्य तपासणीची भानगड कमी होते. पण आधी एकदा वितळवून आयव्हीएफ जमतंय ना हे इथेच बघून घे, काही स्ट्रेन्सचं, ब्लॅक सिक्स या नेहमीच्या जातीचंसुद्धा, स्पर्म फ्रीझिंगनंतर रुसतं. आणि जिथे जाशील तिथल्या प्राण्यांच्या एथिक्स समितीची मंजुरी वेगळी, इथली चालत नाही.

मुक्त_मूलक

अँटिबॉडीची वाटणी पण करून घे, घटस्फोटात भांडी असतात तशी.

आकडेमोड

डेटा विसरू नकोस. कच्च्या एफसीएस फाइल्स, विश्लेषणाच्या फाइल्स, आणि कुठल्या ट्यूबमध्ये काय होतं ती नोंदवही. नोंदवही संस्थेची असते, मूळ प्रत नेता येत नाही, पण परवानगीने कॉपी घेता येते. मेटाडेटाशिवाय फाइल्स म्हणजे नुसते ठिपके.

कोअरवाली

मुलाखतीत विचारायचं ते सांगते, यातलं पहिलंच विचारलंस तरी अर्धं चित्र कळेल. पगार कुठून येतो? संस्थेच्या मूळ बजेटमधून की युजर फीमधून? फीमधून असेल तर ज्या वर्षी मोठ्या दोन लॅब हलतील त्या वर्षी तुझी जागा डळमळेल. मशीनचा सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट कोणाच्या खिशातून जातो तेही विचार, लेझर गेला तर कॉन्ट्रॅक्ट नसताना रक्कम बघून चक्कर येते.

मग वेळ. स्वतःच्या पद्धती विकसित करायला आठवड्यातला काही वेळ बुकिंगमधून बाहेर ठेवतात का? 'हो हो, ठेवू की' म्हणाले तर बुकिंगचं कॅलेंडर दाखवा म्हण, आत्ता असलेल्या माणसाचं. रिकामा चौकोन दिसला तर खरं.

श्रेयाचं धोरण लिहिलेलं आहे का ते बघ, पॅनेल डिझाइन आणि विश्लेषण केलं तर लेखक, नुसतं मशीन चालवलं तर आभार, असं काहीतरी. लिहिलेलं नसेल तर पहिल्या महिन्यात तूच मसुदा देऊ शकतेस, कोणी नाही म्हणत नाही कारण कोणाला लिहायचा कंटाळा असतो. अमेरिकेत कॅन्सर इन्स्टिट्यूटची आर५० म्हणून ग्रँट आहे, लॅब न चालवणाऱ्या पण संशोधनात मुरलेल्या लोकांसाठीच, ब्रिटनमध्ये २०१७ पासून टेक्निशियन कमिटमेंट आहे, असलं काही तुमच्या संस्थेने केलंय का किंवा करायचा विचार आहे का हेही विचारून ठेव, त्यांनी त्याचं नावही ऐकलेलं नसेल तर तेही एक उत्तरच.

आणि ते आतड्याचं काम. त्यातले सॉर्टिंगचे प्रयोग कोअरमध्ये बसूनही होतील, पण मग प्रश्न कोणाचा, तुझा की कोअरचा, हे हेडला मुलाखतीतच विचार. आमच्याकडे एकाने नंतर विचारलं, तोवर त्याच्या नावाचं कॅलेंडर भरलेलं होतं.

निळी_पिपेट

कॅलेंडर दाखवा हे भारी आहे. लिहून घेतलं. ब्लॅक सिक्सच आहेत आमचे, उद्याच ट्रान्सजेनिकवाल्यांना आयव्हीएफचं विचारते.

रिव्ह्यूअर_नंबर_दोन

मायनर रिव्हिजनवर आणतोय. आतड्याच्या डेटात एफएमओ कंट्रोल (एकेक रंग वगळून केलेले नमुने) आहेत ना?

निळी_पिपेट

आहेत हो! सगळ्या रंगांचे!